पाणपक्ष्यांचे हवाई सर्वेक्षण

पावसाच्या वा पुराच्या पाण्याने भरणाऱ्या अंतर्देशीय पाणथळ प्रदेशांवरून कमी उंचीवर विमान नेऊन तेथील पाणपक्ष्यांची आणि त्याच वेळी पाण्याच्या विस्ताराची ठरावीक पद्धतीने केलेली मोजणी. पक्षिगणनेच्या ज्या अनेक पद्धती विसाव्या शतकात विकसित झाल्या, त्यांपैकी ही सर्वांत खर्चिक, परंतु सर्वांत विस्तृत आवाका असलेली पद्धती होय. बदके, हंसक, बगळे, करकोचे, रोहित, पाणकावळे, वारकरी, सुरय व चिखलात चरणारे लहानमोठे पक्षी यांचा तीत समावेश होतो.

समुद्रकाठच्या पाणथळी भरती-ओहोटीच्या नियमाने चालतात. अंतर्देशीय पाणथळींचे तसे नसते. एखादे तळे एका वर्षी अनेक चौ. किमी. पसरते, तर दुसऱ्या वर्षी ते कोरडे पडते. पाणी जेथे असेल तेथे पाणपक्षी जातात. त्यामुळे एकाच तळ्यावर दरवर्षी केलेल्या मोजणीत संख्या घटलेली आढळली, तर पक्षी मेले, त्यांची वीण झाली नाही, की ते केवळ दुसऱ्या तळ्यावर गेले, हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही. हवाई सर्वेक्षणाचा इतिहास हा मुख्यतः या एका प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा इतिहास आहे. हा प्रश्न महाराष्ट्रालाही लागू पडतो. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात प्रवरा व मुळा या नद्या उगम पावतात आणि त्यांचे पाणी पुढे गोदावरीवरील जायकवाडी जलाशयात म्हणजे नाथसागरात येते. या खोऱ्यातील पाणपक्ष्यांची गणना मुख्यतः काठावरून करण्यात आली असून तिच्या आकड्यांचा अर्थ लावताना इतरत्र झालेल्या हवाई सर्वेक्षणांचा अनुभव उपयोगी पडतो.

पूर्वेतिहास : पाणपक्ष्यांच्या पद्धतशीर गणनेची गरज प्रथम अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत शिकारीच्या निमित्ताने भासली. १९३०–४० या दशकातील तीव्र अवर्षणात उत्तर अमेरिकेच्या तृणप्रदेशातील बदकांच्या विणीची डबकी आटली व बदकांची संख्या झपाट्याने घसरली. शिकाऱ्यांना दरवर्षी किती पक्षी मारू द्यावेत, हे ठरविण्यासाठी शासनाला आकडे हवे होते. १९३५ पासून तेथे हिवाळी गणना सुरू झाली. त्याच सुमारास फ्रेडरिक लिंकन यांनी वलयांकित पक्ष्यांच्या नोंदींच्या आधारे स्थलांतराच्या चार हवाई मार्गांची कल्पना मांडली [→ पक्षी स्थलांतर].

दुसऱ्या महायुद्धानंतर लहान विमाने व प्रशिक्षित वैमानिक उपलब्ध झाले आणि विणीच्या प्रदेशावरून उड्डाण करून बदके मोजण्याचे प्रयोग १९४७ पासून होऊ लागले. १९५५ पासून संयुक्त संस्थाने व कॅनडा यांच्या वन्यजीव विभागांनी ही गणना एकाच ठरावीक पद्धतीने चालविली आहे. प्रतिवर्षी मे व जून महिन्यांत विमाने जमिनीपासून सु. ३० ते ४५ मी. उंचीवरून, ताशी सु. १५० ते १७० किमी. वेगाने, नकाशावर आधीच आखलेल्या सरळ रेषांवरून जातात. वैमानिक स्वतः एका बाजूची व त्याचा सहकारी दुसऱ्या बाजूची मोजणी करतो. प्रत्येक बाजूला २०० मी. रुंदीच्या पट्ट्यातील पक्षीच तेवढे नोंदले जातात. कोव्हिडच्या साथीमुळे २०२० व २०२१ या वर्षी हे सर्वेक्षण होऊ शकले नाही. एरव्ही वन्य प्राण्यांच्या बाबतीत इतका प्रदीर्घ व इतका विस्तृत नोंदक्रम क्वचितच आढळतो.

या सर्वेक्षणात तृणप्रदेशातील मे महिन्यातील पाणी असलेल्या डबक्यांचीही मोजणी करण्यात आली, ही गोष्ट फार महत्त्वाची ठरली. डबक्यांची संख्या वाढली की मागाहून बदकांची संख्या वाढते आणि ती घटली की बदकेही घटतात, हे त्यामुळे आकड्यांनी दाखविता आले. पक्षी व पाणी यांची एकत्र मोजणी हे तत्त्व पुढील बहुतेक सर्व हवाई सर्वेक्षणांनी स्वीकारले.

यूरोप व आफ्रिका या खंडांत विमानाचा उपयोग वेगळ्या कारणांसाठी झाला. फ्रान्समधील ऱ्होन नदीच्या त्रिभुज प्रदेशात, कामार्ग येथे, लूक हॉफमान यांनी १९५४ मध्ये तूर द्यू व्हाला हे संशोधन केंद्र स्थापन केले. तेथील बदकांची दरमहा हवाई गणना १९६४ पासून होऊ लागली. पूर्व आफ्रिकेत लहान रोहित पक्ष्यांची वीण नेमकी कोठे होते, हे दीर्घकाळ अज्ञात होते. १९५४ मध्ये लेस्ली ब्राऊन यांना टांगानिकातील (आताच्या टांझानियातील) नेट्रॉन सरोवराच्या मध्यभागी त्यांची घरटी विमानातून दिसली. पुढे चालत तेथवर जाण्याच्या प्रयत्नात सोड्याच्या दाहक चिखलाने ब्राऊन यांचे पाय भाजून निघाले व त्यांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले. जे स्थळ पायी गाठणे जिवावर बेतण्यासारखे होते, ते विमानातून सहज दृष्टीस पडले. पश्चिम आफ्रिकेत नायजर नदीच्या आतील त्रिभुज प्रदेशात यूरोपातून हिवाळ्यासाठी येणाऱ्या तलवार व भुवई बदकांची गणना फ्रेंच पक्षिवैज्ञानिकांनी १९७०–८० या दशकात विमानातून केली. साहेलमधील अवर्षण व पूर यांचा या बदकांच्या संख्येशी असलेला संबंध अभ्यासण्यास या नोंदी उपयोगी पडल्या.

पद्धती : हवाई सर्वेक्षणाच्या दोन मुख्य पद्धती आहेत. पहिलीत संपूर्ण पाणथळीवरून वा तिच्या काठाने उड्डाण करून दिसतील तितके सर्व पक्षी मोजतात. लहान व स्पष्ट सीमा असलेल्या तळ्यांना ती योग्य असते. दुसरी पट्टा-पद्धती होय. तीत प्रदेशावर समांतर रेषा आखून प्रत्येक रेषेच्या दोन्ही बाजूंच्या ठरावीक रुंदीच्या पट्ट्यातील पक्षी मोजतात आणि पट्ट्यांचे एकूण क्षेत्रफळ व संपूर्ण प्रदेशाचे क्षेत्रफळ यांच्या गुणोत्तरावरून एकूण संख्येचा अंदाज काढतात.

निरीक्षकाला एखादा थवा केवळ काही सेकंद दिसतो. प्रत्येक पक्षी सुटा मोजणे अशक्य असल्याने तो प्रथम दहा, पन्नास वा शंभर पक्ष्यांचा एक गट डोळ्याने ठरवितो व तसे किती गट थव्यात बसतात हे पाहतो. नोंद लिहून घेण्यास वेळ नसल्याने ती ध्वनिमुद्रकावर तोंडी केली जाते. मोठ्या थव्यांच्या बाबतीत निरीक्षकाचा अंदाज बहुधा प्रत्यक्षापेक्षा कमी असतो व थवा जितका मोठा तितकी ही चूक वाढत जाते, असे छायाचित्रांशी तुलना केल्यावर दिसून आले आहे. बुडी मारणारी बदके, लव्हाळ्यात दडणाऱ्या पाणकोंबड्या व चिखलाच्या रंगाशी मिसळून जाणारे तुतवारासारखे पक्षी यांची नोंद फार अपुरी होते. याउलट रोहित, चित्रबलाक, चमचा, बगळे यांसारखे मोठे व फिक्या रंगाचे पक्षी विमानातून चांगले मोजता येतात.

या त्रुटींवर उपाय म्हणून काही निवडक पट्ट्यांत त्याच वेळी जमिनीवरूनही मोजणी करतात व दोहोंच्या तुलनेवरून प्रत्येक जातीचा दृश्यता-गुणक काढतात. विमानातील आकड्याला या गुणकाने गुणले असता प्रत्यक्ष संख्येच्या अधिक जवळ जाणारा अंदाज मिळतो. तथापि अनेक तज्ञांच्या मते हवाई गणनेचा आकडा ही पक्ष्यांची शिरगणती नसून तो एक निर्देशांक आहे. तीच रेषा, तीच उंची, तोच वेग व तोच महिना कायम ठेवल्यास मोजणीतील चूकही बव्हंशी तीच राहते आणि मग या वर्षीचा आकडा मागील वर्षाच्या आकड्याशी ताडून पाहता येतो. एका वर्षीच्या अचूक गणनेपेक्षा वीस वर्षांच्या एकसारख्या गणनेला अधिक मोल आहे, हा या शास्त्राचा पहिला धडा होय.

हे काम धोक्याचेही आहे. कमी उंची व मंद वेग यांमुळे वैमानिकाला चूक सावरण्यास अवधी मिळत नाही आणि उठलेल्या थव्याची विमानाला धडक बसण्याची भीती असते. संयुक्त संस्थानांत १९३७ ते २००० या काळात वन्यजीवविषयक काम करताना मृत्यू पावलेल्या कर्मचाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जण विमान-अपघातांत दगावले.

ऑस्ट्रेलियातील सर्वेक्षण : अंतर्देशीय पाणथळींच्या बाबतीत सर्वांत उद्‌बोधक सर्वेक्षण पूर्व ऑस्ट्रेलियात झाले. ते ऑक्टोबर १९८३ मध्ये सुरू झाले व पुढे रिचर्ड किंग्जफर्ड यांच्या मार्गदर्शनाखाली दरवर्षी चालू राहिले. दोन-दोन अक्षांशांच्या अंतराने आखलेल्या, प्रत्येकी ३० किमी. रुंद अशा दहा पूर्व-पश्चिम पट्ट्यांतील एक हेक्टरहून मोठ्या पाणसाठ्यांवरून विमान नेण्यात येते. पाऊस भरपूर झालेल्या वर्षी अशा साठ्यांची संख्या सु. दोन हजारांपर्यंत जाते. सर्वेक्षणात पन्नासहून अधिक जातींची नोंद होते.

या खंडाच्या मध्यभागातील नद्यांना नियमित पूर येत नाहीत. कित्येक वर्षे कोरडे असलेले सरोवर अचानक भरते व शेकडो किमी. अंतरावरून पाणकोळी व इतर पक्षी तेथे विणीसाठी गोळा होतात. अशा प्रदेशात एखाद्याच तळ्याचे निरीक्षण जवळजवळ निरर्थक ठरते. पूर्व ऑस्ट्रेलियातील सर्वेक्षणाने मरी-डार्लिंग व एअर सरोवर या शेजारशेजारच्या दोन मोठ्या नदीखोऱ्यांची तुलना शक्य केली. पहिल्या खोऱ्यात धरणे व कालवे यांचे दाट जाळे असून दुसऱ्यातील नद्या जवळजवळ मुक्तपणे वाहतात. तीन दशकांच्या नोंदींवरून मरी-डार्लिंग खोऱ्यातील पाणपक्ष्यांची संख्या सु. सत्तर टक्क्यांनी घटल्याचे व एअर सरोवराच्या खोऱ्यात मात्र तशी दीर्घकालीन घट नसल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखविण्यात आले. दोन्ही खोऱ्यांनी अवर्षणे अनुभवली असल्याने ही घट केवळ पावसाच्या कमतरतेने झाली, असे म्हणता येईना.

तत्पूर्वी मॅक्वारी नदीच्या दलदलीबाबत असाच निष्कर्ष निघाला होता. या नदीवर वरच्या बाजूस बरेनडाँग धरण १९६७ मध्ये पूर्ण झाले व तेथून कापसासाठी पाणी वळविले जाऊ लागले. १९८३ ते १९९३ या काळातील हवाई नोंदींत दलदलीतील पक्ष्यांची संख्या व जातींची संख्या ही दोन्ही घटत गेल्याचे दिसले. खालच्या दलदलीतील पक्ष्यांचे भवितव्य अनेक किमी. दूर असलेल्या धरणाच्या दारांशी निश्चित होते, हे या अभ्यासाने आकड्यांत मांडले. पुढे दलदलीसाठी पाणी राखून ठेवण्याच्या धोरणात या आकड्यांचा आधार घेण्यात आला.

भारतातील पाणपक्षी-गणना : भारतात पाणपक्ष्यांच्या मोठ्या समूहांचा अंदाज घेण्याचे प्रारंभीचे एक प्रसिद्ध उदाहरण कच्छच्या मोठ्या रणातील आहे. सालिम अली (१८९६–१९८७) यांनी एप्रिल १९४५ मध्ये तेथील रोहित पक्ष्यांच्या विणीच्या वसाहतीला उंटावरून प्रवास करून भेट दिली व पक्ष्यांची संख्या सु. पाच लाख असावी, असा अंदाज केला. नेट्रॉनप्रमाणेच येथेही सभोवारचा उथळ खारट चिखल हाच वसाहतीचा संरक्षक होता. मुंबईच्या बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीने (स्थापना १८८३) १९६० च्या सुमारास सालिम अली यांच्या नेतृत्वाखाली स्थलांतरी पक्ष्यांना वलये अडकविण्याचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. त्यातून पक्षी कोठून येतात याची माहिती मिळाली. ते किती आहेत हा प्रश्न मात्र उरला.

पाणथळींच्या संरक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार २ फेब्रुवारी १९७१ रोजी इराणमधील रामसर येथे झाला. भारतातील केवलादेव (भरतपूर) व चिल्का या पाणथळी त्याच्या यादीत १९८१ मध्ये प्रथम आल्या. एखादी पाणथळ या यादीत येण्यासाठीच्या निकषांपैकी दोन थेट पक्ष्यांच्या संख्येशी निगडित आहेत : तेथे नियमितपणे किमान २०,००० पाणपक्षी असावेत, किंवा एखाद्या जातीच्या समूहापैकी किमान एक टक्का पक्षी असावेत. त्यामुळे गणनेच्या आकड्याला कायदेशीर वजन प्राप्त झाले. यूरोप व लगतच्या प्रदेशात १९६७ पासून प्रतिवर्षी जानेवारीत होणाऱ्या आंतरराष्ट्रीय पाणपक्षी-गणनेच्या धर्तीवर आशियाई पाणपक्षी-गणना १९८७ मध्ये भारतीय उपखंडापासून सुरू झाली. तीत स्वयंसेवक जानेवारीच्या दुसऱ्या व तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास आपापल्या भागातील तळी व जलाशय काठावरून पाहतात आणि संख्या ठरावीक तक्त्यात भरून पाठवितात. तिचा खर्च अल्प असून ती हजारो नागरिकांच्या सहभागावर चालते. मात्र गणना कोणत्या तळ्यावर होईल, हे बव्हंशी स्वयंसेवकांच्या सोयीवर अवलंबून राहते.

प्रवरा-गोदावरी खोरे : अकोले तालुक्याच्या पश्चिम सीमेवर सह्याद्रीची मुख्य रांग असून कळसूबाई (१,६४६ मी.), रतनगड व हरिश्चंद्रगड ही शिखरे व दुर्ग तीत आहेत. रतनगडाच्या परिसरात प्रवरा व हरिश्चंद्रगडाच्या परिसरात मुळा उगम पावते. घाटमाथ्यावर वर्षाला कित्येक हजार मिमी. पाऊस पडतो, तर पूर्वेकडे पर्जन्यछायेतील नेवासे, शेवगाव व पैठण या भागांत तो सरासरी ५०० ते ७०० मिमी. च्या आसपास असतो. या तफावतीमुळे पाणी वर अडविणे व खाली नेणे हा या खोऱ्याच्या शंभर वर्षांच्या इतिहासाचा कणा झाला आहे.

प्रवरेवर भंडारदरा येथे १९१० ते १९२६ या काळात सु. ८२ मी. उंचीचे विल्सन धरण बांधण्यात आले. त्याची क्षमता सु. ११ टीएमसी (अब्ज घनफूट) म्हणजे सु. ३१२ द. ल. घ. मी. (दशलक्ष घनमीटर) आहे. त्याच्या खाली निळवंडे धरण झाले. मुळेवर राहुरी तालुक्यात बारागाव नांदूर येथे मुळा धरण आहे. दोन्ही नद्यांचे पाणी एकत्र होऊन प्रवरासंगमाजवळ गोदावरीस मिळते व हा संगम नाथसागराच्या फुगवट्यात येतो. पैठण येथील जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये व उद्‌घाटन १९७६ मध्ये झाले. त्याची एकूण क्षमता २,९०९ द. ल. घ. मी. व पूर्ण भरल्यावरचे जलपृष्ठ सु. ३५० चौ. किमी. आहे.

या आकड्यांतच पक्ष्यांच्या वितरणाचे स्पष्टीकरण आहे. क्षमतेला जलपृष्ठाने भागले असता नाथसागराची सरासरी खोली अवघी सु. ८ मी. येते. काठ सपाट असल्याने पातळी थोडी उतरली तरी चिखलाचा व उथळ पाण्याचा विस्तीर्ण पट्टा उघडा पडतो. या पट्ट्यात रोहित, चक्रवाक, पट्टकादंब, तलवार बदक, थापट्या, शेकाट्या, तुतवार, शराटी, चमचा व चित्रबलाक यांना अन्न मिळते. भंडारदऱ्याचा जलाशय याउलट डोंगरांच्या कुशीत, खोल व उभ्या काठांचा आहे. पाणकावळे, टिबुकल्या, बगळे, खंड्या यांना तो पुरेसा असला, तरी चिखलात चरणाऱ्या हजारोंच्या थव्यांना तेथे जागा नाही. थोडक्यात, या खोऱ्यात पाणी अकोल्यात साठते, तर पक्षी नेवासे-पैठणच्या पट्ट्यात उतरतात.

त्याच गोदावरीवर वरच्या बाजूस, नासिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यात, गोदावरी व कादवा यांच्या संगमाशी नांदूर मधमेश्वर बंधारा आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी कालव्यांसाठी बांधलेल्या या बंधाऱ्यात गाळ साचत गेला व उथळ पाणी, बेटे आणि पाणवनस्पती यांनी भरलेली पाणथळ निर्माण झाली. सिंचनाच्या दृष्टीने जो दोष, तोच पक्ष्यांच्या दृष्टीने गुण ठरला. या पाणथळीचे सु. १,४३७ हे. क्षेत्र २०२० मध्ये रामसर यादीतील महाराष्ट्राचे पहिले स्थळ म्हणून जाहीर झाले.

कळसूबाई-हरिश्चंद्रगड, नांदूर मधमेश्वर व जायकवाडी ही तीनही अभयारण्ये १९८६ या एकाच वर्षी जाहीर करण्यात आली. एकाच खोऱ्यातील पाण्याने ती जोडली गेली असली, तरी त्यांच्या सीमा, व्यवस्थापन व पक्ष्यांच्या नोंदी स्वतंत्र राहिल्या. ऑस्ट्रेलियातील अनुभवाच्या प्रकाशात ही गोष्ट महत्त्वाची ठरते. पाऊस चांगला झाल्यास जानेवारीत नाथसागर तुडुंब असतो, चिखलाचे पट्टे पाण्याखाली असतात आणि पक्षी आसपासच्या असंख्य गावतळ्यांवर, बंधाऱ्यांवर व पाझर तलावांवर विखुरतात. अवर्षणाच्या वर्षी लहान तळी आटतात व उरलेल्या पाण्याभोवती पक्षी दाटी करतात. अशा वर्षी मोठ्या जलाशयावरील गणनेचा आकडा वाढलेला दिसणे शक्य असते. परंतु ती भरभराटीची नव्हे, तर अन्य आश्रयस्थाने नाहीशी झाल्याची खूण असते. उलट सुकाळातील घटलेला आकडा पाहून पक्षी कमी झाल्याची हाकाटी करणेही चुकीचे ठरू शकते. पाण्याच्या नोंदीविना पक्ष्यांचा आकडा दोन्ही बाजूंनी फसवा असतो.

या प्रश्नाला सामाजिक बाजूही आहे. वरच्या धरणांतून नाथसागरात किती पाणी सोडावे, हा नासिक-अहिल्यानगर व मराठवाडा यांच्यातील तीव्र वादाचा विषय आहे. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, २००५ यातील समन्यायी वाटपाच्या तरतुदीस अनुसरून प्राधिकरणाने सप्टेंबर २०१४ मध्ये आदेश दिला. त्यानुसार १५ ऑक्टोबरच्या सुमारास जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असल्यास वरून पाणी सोडण्याची व्यवस्था झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये भंडारदरा-निळवंडे, मुळा, गंगापूर व दारणा या धरणसमूहांतून एकूण सु. ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचे ठरविण्यात आले. हे निर्णय पिण्याचे पाणी, शेती व उद्योग यांचा विचार करून घेतले जातात. स्थलांतरी पक्षी ज्या दिवसांत उतरू लागतात, नेमक्या त्याच दिवसांत ते घेतले जात असल्याने हिवाळ्यातील चिखलाचा पट्टा कोठे व किती असेल, हेही त्यांच्यामुळे अंशतः ठरते. पाणी उतरल्यावर उघड्या पडणाऱ्या जमिनीवर धरणग्रस्त व इतर शेतकरी गाळपेर करतात. पक्ष्यांचे चराऊ क्षेत्र व गाळपेरीचे क्षेत्र अशा रीतीने एकच असते. मासेमारीही त्याच पाण्यावर चालते. यांतील कोणत्याही पक्षाचे म्हणणे तोलताना विश्वसनीय आकड्यांची गरज पडते.

काठावरून मोजणी करताना नाथसागरासारख्या जलाशयात मुख्य अडचण अंतराची असते. दुर्बिणीतूनही काही शे मीटरपलीकडील बदकांची जात ओळखणे कठीण होते आणि मोठे थवे दिवसा बहुधा पाण्याच्या मध्यभागी विसावतात. हवाई पट्टा-पद्धती येथे कितपत व्यवहार्य आहे, याचा हिशेब मांडता येतो. ३५० चौ. किमी. पृष्ठभागावर २ किमी. अंतराने समांतर रेषा आखल्यास त्यांची एकूण लांबी सु. १७५ किमी. भरते. ताशी १६० किमी. वेगाने हे उड्डाण वळणांचा वेळ सोडून सु. १ तास ६ मिनिटांत पूर्ण होते आणि दोन्ही बाजूंच्या २०० मी. पट्ट्यांत जलाशयाचा पाचवा हिस्सा पाहिला जातो. काठावरून हेच काम करण्यास अनेक पथके व अनेक दिवस लागतात व तेवढ्या काळात थवे जागा बदलतात. तथापि लहान पक्ष्यांच्या जाती विमानातून ओळखता येत नसल्याने काठावरील निरीक्षकाची जागा विमान घेऊ शकत नाही. शिवाय विमानाच्या आवाजाने थवे उठतात आणि अभयारण्यावरील अशा उड्डाणाला वन्यजीव विभागाची अनुमती लागते.

उपग्रह व ड्रोन : हवाई सर्वेक्षणाच्या दोन अंगांपैकी पाण्याच्या मोजणीचे अंग आता बव्हंशी उपग्रहांकडे गेले आहे. भारताचा आयआरएस-१ए हा सुदूर संवेदन उपग्रह १९८८ मध्ये सोडण्यात आला. अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्राने उपग्रहीय माहितीवरून तयार केलेला देशातील पाणथळींचा नकाशासंग्रह २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. रडारयुक्त उपग्रह ढगांआडूनही जलपृष्ठ मोजू शकतात. त्यामुळे गणनेच्या आठवड्यात नाथसागर, नांदूर मधमेश्वर व लहान तळी मिळून किती क्षेत्र पाण्याखाली होते आणि किती चिखल उघडा होता, हे विमानाविना सांगता येते.

पक्ष्यांच्या मोजणीसाठी ड्रोनचा वापर एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात वाढला. कृत्रिम पक्षी मांडून केलेल्या एका ऑस्ट्रेलियन प्रयोगात ड्रोनच्या छायाचित्रांवरून केलेली मोजणी जमिनीवरील निरीक्षकांच्या मोजणीपेक्षा अधिक अचूक ठरली. वसाहतीत घरटी करणाऱ्या बगळे-बलाकांसाठी हे साधन विशेष उपयुक्त आहे. त्याचा पल्ला मर्यादित असल्याने शेकडो चौ. किमी. चा जलाशय एका दिवसात पाहणे मात्र त्याला कठीण जाते. ड्रोन फार खाली आणल्यास पक्षी बिथरतात. भारतात त्याच्या उड्डाणावर २०२१ च्या ड्रोन नियमांची बंधने आहेत.

मूल्यमापन : गोदावरीची स्थिती एका बाबतीत ऑस्ट्रेलियाहून भिन्न आहे. तेथे धरणांनी नैसर्गिक दलदलींचे पाणी हिरावले. येथे धरणे व बंधारे यांनीच नव्या पाणथळी निर्माण केल्या. मानवनिर्मित असल्यामुळे त्यांचे पाणी दरवर्षी मानवी निर्णयावर अवलंबून राहते, आणि म्हणूनच त्यांच्या नोंदी अधिक काटेकोर असण्याची गरज आहे. विमान उपलब्ध नसले, तरी हवाई सर्वेक्षणाने शिकविलेले नियम काठावरील गणनेस लागू करता येतात : संपूर्ण खोऱ्यात एकाच दिवशी मोजणी करणे, दरवर्षी तीच स्थळे व तीच वेळ ठेवणे, रिकाम्या तळ्यांचीही शून्य अशी नोंद करणे आणि प्रत्येक आकड्यासोबत त्या दिवशीची पाण्याची पातळी लिहिणे. यांतील शून्याची नोंद सर्वांत अधिक दुर्लक्षित राहते. कारण पक्षी नसलेल्या तळ्यावर निरीक्षक सहसा जात नाही. पाणी व पक्षी कोठून कोठे गेले हे समजण्यास ती नोंद भरलेल्या तळ्यावरील नोंदीइतकीच आवश्यक असते.